तीन मिनिटांपासून तीस सेकंदांपर्यंत

स्पॉटिफायसारख्या सेवेवर एखादे ध्वनिमुद्रण तीस सेकंद ऐकले गेले की ते एकदा ऐकले गेल्याची नोंद होते. एकोणतिसाव्या सेकंदाला श्रोत्याने बोट फिरवून पुढचे गाणे लावले, तर नोंद होत नाही. आणि तिसाव्या सेकंदानंतर तो डोळे मिटून पाऊण तास बसून राहिला, तरी नोंद एकच होते. दोन-अडीच मिनिटांचे चित्रपटगीत आणि ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांनी सावकाश उलगडलेला राग यांची किंमत या हिशेबात सारखीच. डिजिटल तंत्रज्ञानाने संगीताचे भले केले की वाटोळे, या विषयावर आमच्या मंडळींत वाद रंगला की मी हा नियम पुढे ठेवतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक बहुधा ध्वनीच्या दर्जाविषयी बोलत असतात आणि हिशेबाकडे कोणाचे लक्ष नसते. माझ्या मते खरा बदल हिशेबात झाला आहे. पूर्वी वस्तू विकली जात असे, आता ऐकण्याची कृती मोजली जाते. आणि ती कोणत्या मापाने मोजायची हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाण्याचे पुष्कळसे भवितव्य गेले आहे.

यंत्राने गाण्याची लांबी ठरवावी हे काही नवे नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती. गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव इंग्रजीत सांगत, ते मिरवण्यासाठी नव्हे. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात आणि गायिका कोण हे तिथल्या कामगारांना कळावे म्हणून ती व्यवस्था होती. ज्या गायकीत नुसती बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायला अर्धा तास लागतो, तिला तीन मिनिटांत कोंबणे अनेकांना मानवले नाही, पण मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या मर्यादेतच राग उभा करण्याची हातोटी साधली. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही ऐकताना काही कापले गेले आहे असे वाटत नाही. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत फार चोखंदळ होत्या, तरीही १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या गेल्या त्यांत त्यांची भैरवी आहे, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. मला त्यात मौज वाटते ती वेळेची: ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. सूर्यमालेबाहेर पाठवलेला आपल्या रागसंगीताचा नमुनासुद्धा त्याच जुन्या मापाचा निघाला. पुढे लाँग प्ले तबकडीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली, कॅसेटने तीस किंवा पंचेचाळीस, आणि १९८२ साली आलेल्या सीडीने चौऱ्याहत्तर.

ही मापे मी पुस्तकातून नव्हे तर हाताने शिकलो. आमच्या गावच्या संगीत मंडळाकडे जुन्या मैफलींच्या फितींचा मोठा साठा होता. काही स्पूल, बहुतेक कॅसेट, आणि त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपते, मग गायक आवर्तनाच्या कोणत्याही मात्रेवर असो. विलंबित ख्याल ऐन भरात आलेला असतो, तबलजी समेकडे येत असतो, आणि खट्कन आवाज होऊन शांतता पसरते. कॅसेट उलटी करून कळ दाबेपर्यंतची ती दहा-पंधरा सेकंदे कायमची गेलेली असतात. त्या खोक्यांवरची हस्ताक्षरे वाचण्यासारखी आहेत. कोणी राग, ताल आणि साथीदार नेटकेपणाने लिहिले आहेत, कोणी नुसतेच ‘यमन, पुढे नाही’ एवढे लिहून सुटका करून घेतली आहे.

फीत उतरवणे म्हणजे तार जोडून बसून राहणे असा जो समज आहे, तो पहिल्याच आठवड्यात मावळतो. ज्या यंत्रावर कॅसेट मुद्रित झाली त्याच्या हेडचा, म्हणजे फितीला टेकणाऱ्या भागाचा, कोन आणि तुमच्या यंत्राच्या हेडचा कोन सारखा नसतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहावा लागतो, आणि एका क्षणी तानपुऱ्यावरचा पडदा बाजूला झाल्यासारखा वरचा आवाज उघडतो. वेगाचा प्रश्न याहून अवघड. यंत्र थोडे मंद असेल तर पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई पांढरी एककडे घसरतो आणि त्याचा आवाजच परका वाटू लागतो. इथे संगणकाने केलेली मदत मोलाची आहे. जुन्या ध्वनिक्षेपकांची विजेची घरघर प्रत्येक फितीत दबून बसलेली असते. आपल्याकडे ती पन्नास हर्ट्झची असायला हवी, म्हणून आलेखात ती अठ्ठेचाळीसवर दिसली की फीत चार टक्के मंद चालली आहे असे धरता येते. मात्र त्या काळी आपल्याकडची वीज स्वतःच पन्नासवर स्थिर नसे, त्यामुळे शेवटी साथीच्या पेटीची पट्टी पाहूनच खात्री करून घ्यावी लागते.

खरखर काढण्याच्या सॉफ्टवेअरने मात्र मला धडकी भरवली. त्या सॉफ्टवेअरला ‘नको असलेल्या आवाजाचा’ नमुना द्यावा लागतो, आणि तो बहुधा गाणे सुरू होण्याआधीच्या भागातून घेतला जातो. आपल्या मैफलीत तिथे शांतता नसते, तानपुरे वाजत असतात. यंत्र निमूटपणे सांगितलेले काम करते, आणि पुढच्या तासाभराच्या गाण्यातून खरखरीबरोबर जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा झणझणता नाद, तोही धुऊन काढते. बाजारात ‘पुनरुज्जीवित’ म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक जुन्या ध्वनिमुद्रणांत गवई पोकळीत उभा राहून गातो आहे असे वाटते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आम्ही खरखर ठेवली.

एमपी३ची गोष्ट याच सुराशी जोडलेली आहे. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवला जातो, त्यासाठी दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाचा एक दुबळेपणा हेरला: मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? असे वगळत वगळत त्यांनी तोच ध्वनी १२८ किलोबिटमध्ये, म्हणजे अकराव्या हिश्श्यात, बसवला. बहुतेक गाण्यांत काय गेले ते कळत नाही. तानपुऱ्यात कळते, कारण जवारीचा सारा जीव वरच्या बारीक नादांत असतो. कमी बिटांच्या फाइलीत ते पाण्याखाली वळवळल्यासारखे ऐकू येतात. पण सर्वसामान्य श्रोत्याला या हानीच्या बदल्यात जे मिळाले ते एवढे मोठे होते की तक्रार करायला कोणाला फुरसत झाली नाही. सातशे मेगाबाइटच्या एका चकतीवर बारा तासांचे संगीत मावू लागले, आणि मुंबईच्या पदपथांवर एकेका संगीतकाराची सारी कारकीर्द एका चकतीत, अगदी किरकोळ भावात मिळू लागली. त्यातला एक रुपयाही गायकाला, गीतकाराला किंवा कंपनीला जात नव्हता. अमेरिकेत १९९९ साली गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीचे नॅपस्टर आले, २००१ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर बंद पडले, आणि २००३ मध्ये अॅपलने आयट्यून्स या आपल्या इंटरनेटवरच्या दुकानात एकेक गाणे ९९ सेंटला विकायला सुरुवात केली. भारतात ते दुकान उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला. मधली सारी वर्षे आपल्याकडे डिजिटल संगीत म्हणजे चोरीची चकती आणि फोनवरची कॉलर ट्यून. कंपन्यांना त्या ट्यूनने काही काळ हात दिला, हे खरे.

चोरी हा शब्द इथे बिनशर्त वापरायला मात्र माझे मन धजत नाही. रागसंगीताच्या दर्दी मंडळींत खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची देवाणघेवाण आधीपासून चालत असे. कोणाकडे काय आहे याची कुजबुज असे, आणि एक दुर्मीळ फीत मिळवायला दुसरी तितकीच दुर्मीळ फीत द्यावी लागे. इंटरनेटने हा बंद व्यवहार उघडा केला. मूळ गोव्याचे आणि अमेरिकेत राहिलेले राजन पर्रीकर यांनी एकेका रागावर सविस्तर लिहून त्यासोबत जुन्या उस्तादांचे निवडक तुकडे ऐकायला ठेवले, तेव्हा धारवाडला किंवा कोल्हापुरात बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच एकच राग चार घराण्यांत लागोपाठ ऐकता आला. हा बदल किती मोठा होता हे आज विशीत असलेल्या गायकांना समजावून सांगणे कठीण आहे. पूर्वी गुरू दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकू देत नसत अशा हकिकती आपण ऐकतो. आता शिष्य क्लासला येतानाच तीन घराण्यांचा बिहाग कानात घालून येतो आणि गुरूला प्रश्न विचारतो. यामुळे घराण्यांच्या कडा पुसट झाल्या असा एक आक्षेप आहे, आणि तो रास्तही आहे. तरी मला स्वतःला शिकणाऱ्याची ही श्रीमंतीच अधिक महत्त्वाची वाटते.

रियाजाचेही तसेच. बंगळूरच्या राडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर तानपुरा आणि तबला दोन्ही फोनमध्येच आले. भाड्याच्या एका खोलीत राहून शिकणाऱ्या मुलीला रात्री अकरा वाजता झपतालाचा ठेका हव्या त्या लयीत मिळतो, ही साधी सोय नाही. उलट बाजूला मिरजेचे सतारमेकर आहेत, ज्यांच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे संरक्षण होते, गिऱ्हाईक येतेच असे नाही. शिवाय स्वतः तानपुरा न जुळवता वाढलेल्या गायकाचा कान वेगळा घडतो, असे शिकवणारी मंडळी सांगतात. जुळवण्याच्या त्या दहा मिनिटांत षड्जाच्या पोटातला गांधार ऐकायला शिकणे, हा रियाजाचाच भाग होता.

आता ज्यांच्याविषयी फार कमी लिहिले जाते त्या वादकांकडे वळतो. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद फार मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादकांनी उभा केला. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवली जाई, आणि मुंबईत समोर कागद ठेवताच वाजवू शकणारी माणसे तीच होती. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संगीत संयोजक, गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे व्हायोलिनवादक आणि शिक्षक, यांच्या हातून त्या काळच्या गाण्यांची अर्धी जादू घडली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य. पन्नास-साठ वादक एका दालनात बसत, गायक काचेमागे उभा राहत असे, आणि एकाच्या चुकीने सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावे लागे. नव्वदच्या दशकात संगणकावर स्वतंत्र ट्रॅक मुद्रित होऊ लागले आणि कळफलकावर व्हायोलिनच्या ताफ्याचे तयार नमुने मिळू लागले. दालन रिकामे झाले. एक वादक दुपारी येऊन आपले आठ तुकडे वाजवून जाई, गायक रात्री दुसऱ्याच शहरात गाई, दोघांची भेटही होत नसे. ए. आर. रहमान यांनी चेन्नईतल्या आपल्या घरच्या स्टुडिओत याच साधनांनी जे उभे केले त्याचा मी निस्सीम चाहता आहे, म्हणून यंत्राला दोष देत नाही. पण दिवसाच्या पाळीवर घर चालवणारा व्हायोलिनवादक या बदलात सर्वांत आधी आणि सर्वांत निमूटपणे बाहेर पडला, एवढे नोंदवायला हवे. २०१६ सालच्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले, त्याची केवढी बातमी झाली! मुंबईत एके काळी रोज सकाळी जे होत असे, ते आता बातमीचा विषय झाले आहे.

गळ्यावरही यंत्र चालले. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या अमेरिकी अभियंत्याने भूगर्भातले तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे जे गणित वापरले होते, तेच गळ्याला लावून १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आणले. गायकाचा स्वर किंचित खाली-वर असेल तर ते त्याला जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर नेऊन बसवते. बरोबर म्हणजे कोणता, तर सर्वसाधारण वापरात पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी एक. आता दरबारी कानड्यातला कोमल गांधार घ्या. तो एका जागी उभा राहतच नाही. आंदोलन घेत तो रिषभाच्या अंगाने हेलकावतो, आणि त्या हेलकाव्यातच राग आहे. ऑटो-ट्यूनची पकड घट्ट ठेवली तर हा हेलकावा जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक होतो, सैल ठेवली तर ते दुरुस्ती करतच नाही. मराठी भावगीतांच्या अलीकडच्या अनेक नव्या ध्वनिमुद्रणांत मींड ऐन मध्यावर गुळगुळीत होऊन जाते, हरकतीची कड बोथट होते, ती यामुळेच. चांगले ध्वनिमुद्रक एकेक स्वर हाताने तपासून दुरुस्ती करतात, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे देणारा निर्माता विरळा.

इतका वेळ मी अभिजात आणि चित्रपटसंगीतावर रेंगाळलो. पण डिजिटल क्रांतीचा सर्वांत निखळ फायदा कोणाला झाला असे विचाराल, तर मी रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी गाणी करणाऱ्या मुलांकडे बोट दाखवीन. हळदीच्या रात्री वाजणारी ही गाणी कॅसेटच्या काळातही खपत, पण तेव्हा मुंबईतल्या कंपनीच्या दारात जावे लागे आणि एकरकमी पैसे घेऊन सही करून मोकळे व्हावे लागे. पुढे ती कॅसेट किती खपली हे गायकाला दुकानदाराकडून कळले तर कळे. आता पनवेल-उरणच्या पट्ट्यात एखाद्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना फोम लावलेला असतो, एक माइक, एक लॅपटॉप, आणि बेंजोचा व ढोलाचा तयार ठेका असतो. गाणे तिथेच होते, चित्रीकरण खाडीवर किंवा गावच्या देवळापुढे, आणि यूट्यूबवरचा चॅनल स्वतःचा. जाहिरातींतून येणारे पैसे हा त्यातला भाग. खरी कमाई पुढच्या लग्नसराईत मिळणाऱ्या सुपाऱ्यांची. गाणे ही जाहिरात आणि हळदीचा कार्यक्रम हा धंदा, हे गणित या मुलांनी कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राशिवाय जमवले. गाणी पुष्कळदा एकसारखी असतात, ठेका तर तोच तो. तरीही आपल्या बोलीत, आपल्या नावाने, कोणाची परवानगी न घेता गाणे बाहेर काढता येणे, हे या किनाऱ्यावर पूर्वी कधी घडले नव्हते.

यूट्यूबचा हिशेबही थोडा निराळा आहे. जाहिरातींतला वाटा मिळवायला तिथे सर्वसाधारणपणे एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, अशी अट २०१८ पासून आहे. म्हणजे निदान उंबरठ्यावर तरी वेळ मोजली जाते, आणि तासाभराच्या ख्यालाला तिथे काही अर्थ उरतो. ऐकण्याच्या सेवांत तसे नाही. तिथे वर्गणीदारांचे आणि जाहिरातींचे सारे पैसे एकत्र होतात, त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग हक्कदारांकडे जातो, आणि एकूण नोंदींत ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा त्याचा वाटा. मी महिनाभर फक्त मन्सूर ऐकले तरी माझी वर्गणी त्यांच्या ध्वनिमुद्रणांकडे जात नाही. ती त्या महिन्यात सगळ्या देशाने जे ऐकले त्याच्या प्रमाणात वाटली जाते. श्रोत्याने ज्याला ऐकले त्यालाच त्या श्रोत्याचे पैसे, अशी पद्धत साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये सुरू केली, पण मोठ्या सेवांनी तिचा कित्ता गिरवला नाही. उलट २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला वाटाच नाही. बनावट गाणी भरून पैसे उपटणाऱ्यांना आवर घालणे हा त्यामागचा एक हेतू सांगितला गेला आणि तो खोटा नाही. परंतु अप्रचलित रागांची ध्वनिमुद्रणे याच जाळ्यात सापडतात.

कलाकाराच्या बाजूने या सगळ्यात एक भक्कम गोष्ट घडली, ती कायद्यात. २०१२ मध्ये प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात दुरुस्ती झाली, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर खंबीरपणे बोलले. चित्रपटाच्या गाण्यांचे सर्व हक्क निर्मात्याला एकदाच विकून टाकण्याची जी रीत होती तिला त्यामुळे चाप बसला. चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वाजेल तिथल्या मोबदल्यात गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा राहील आणि तो त्यांना सोडून देता येणार नाही, असे ठरले. गायक-वादकांच्या कलेच्या व्यापारी वापरालाही मोबदल्याचा हक्क मिळाला. १९८० सालच्या गीतकाराला हे मिळाले असते तरी वसूल कसे करणार, हा प्रश्न होताच. प्रत्येक वाजवण्याची नोंद आपोआप होऊ लागल्यावर त्या हक्काला दात आले. मोजणीविषयी मी एवढी कुरकुर केली आहे, म्हणून हेही सांगणे भाग आहे.

श्रोत्याने मात्र नकळत बरेच गमावले. लाँग प्ले तबकडीच्या मागे राग, ताल, बंदिशीचे बोल, तबला आणि पेटीवर कोण, हे सारे छापलेले असे. फोनवरच्या चौकटीत ‘कलाकार’ आणि ‘अल्बम’ असे दोनच रकाने, त्यामुळे साथीदार नाहीसे झाले आणि राग गाण्याच्या नावात कसाबसा कोंबला गेला, तोही रोमन लिपीतल्या पाच निरनिराळ्या वर्णविन्यासांनी. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांनी हीच तक्रार केली, तेव्हा अॅपलने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र अॅप काढले, जिथे संगीतकार आणि वाद्यवृंद यांच्या नावाने शोध घेता येतो. रागाने आणि तालाने शोधता येईल असे काही मोठ्या सेवांपैकी कोणी केलेले मला तरी दिसलेले नाही. शिवाय जे ऐकतो ते आपले नसतेच. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक ही गाण्यांची कंपनी आणि स्पॉटिफाय यांचा करार लांबला, तेव्हा लोकांच्या याद्यांतली कित्येक गाणी एका रात्रीत राखाडी झाली, म्हणजे लागेनाशी झाली. २०२४ मध्ये विंक म्युझिक ही ऐकण्याची सेवा बंद झाली तेव्हा श्रोत्यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांची घडी मोडली. सारेगामाने २०१७ मध्ये काढलेला कारवां रेडिओ ज्येष्ठांत एवढा का खपला, याचे उत्तर यात आहे असे मला वाटते. पाच हजार गाणी डब्यात भरलेली, शोधायचे काही नाही, आणि डबा आपला.

आमच्या फितींचे काम आता संपत आले आहे, आणि त्या सर्वांना ऐकायला ठेवाव्यात की नाही यावर मंडळाच्या कार्यकारिणीत मतभेद आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की गवयाने शंभर माणसांसमोर, सर्दी झालेली असताना, आग्रहाखातर गायलेला राग लाखभर लोकांसमोर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तरुणांचे म्हणणे असे, की कपाटात ठेवलेली फीत ही न गायलेल्या रागाइतकीच निरुपयोगी आहे. त्यात भर म्हणून, मंडळात गाऊन गेलेल्या एका तरुण गायिकेने स्वतःचे ध्वनिमुद्रण एका व्यासपीठावर ठेवले, तर तिथल्या स्वयंचलित यंत्रणेने ते दुसऱ्याच कोणाचे ठरवून तिचा वाटा अडकवला; कारण शोधता शोधता असे दिसले की जुळलेला भाग गळ्याचा नव्हता, दोघींनी वापरलेल्या एकाच अॅपच्या तानपुऱ्याचा होता. तिचा वाद मिटायला बरेच दिवस लागले.

मी एक संमतिपत्रक तयार केले आहे. ज्या कलाकारांच्या कुटुंबीयांशी संपर्क होईल त्यांना आधी संपूर्ण ध्वनिमुद्रण पाठवायचे, त्यांनी ऐकून होकार दिला तरच ते पुढे जाईल. पत्रकात राग, ताल, बंदिश, ठिकाण आणि तारीख यांचे रकाने आहेत, आणि तबला, पेटी, सारंगी व तानपुऱ्यावर कोण होते त्यांचेही. काही मोबदला आलाच तर तो गायक आणि साथीदार यांच्यात कसा वाटायचा यावर गेल्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचा वाटा धरायचा की नाही, हा मुद्दा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला आहे.